मोटारगाडीचे रबरी बीडिंग

मोटारगाडीचे दार, काच, डिकी आणि बॉनेट यांच्या कडेने बसवलेल्या आणि पाणी, धूळ, वारा व आवाज अडवणाऱ्या रबरी पट्टीला बीडिंग असे म्हणतात. गॅरेजमध्ये तिला जागेनुसार ‘दाराचे रबर’, ‘काचेचे रबर’, ‘डिकीचे रबर’ अशी नावे आहेत, तर काच ज्या खाचेतून वरखाली सरकते तिच्या अस्तराला ‘चॅनल’ म्हणतात. प्रस्तुत लेखात जुन्या गाड्यांतील बीडिंग का झिजते, त्यातील किती भाग पूर्ववत करता येतो आणि कोणता भाग बदलावाच लागतो, यांचा विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि मारुती ८०० या भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेल्या गाड्यांची आहेत. यांपैकी पद्मिनी ही मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होत असे. अॅम्बेसेडर व मारुती ८०० या दोहोंचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. त्यामुळे या गाड्या आजही अनेक घरांत सांभाळलेल्या आढळतात.

महत्त्व

बीडिंग ही किरकोळ वस्तू समजली जाते आणि गाडीच्या दुरुस्तीच्या यादीत तिचा क्रमांक बहुधा शेवटचा असतो. वस्तुतः जुन्या गाडीचा पत्रा सडण्याची सुरुवात पुष्कळदा येथूनच होते. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून झिरपलेले पाणी डॅशबोर्डमागून उतरून पायाखालच्या गालिच्यात साचते. गालिच्याखालचे नमद्याचे अस्तर ते पाणी धरून ठेवते. वरून गालिचा कोरडा दिसला तरी खालचा पत्रा चार महिने ओलाच राहतो. कोकण व मुंबईच्या पावसात, शिवाय खाऱ्या हवेत, अशा पत्र्याला दोन-तीन पावसाळ्यांत भोके पडू शकतात. काही रुपयांच्या रबरासाठी पुढे पत्रा कापून जोडण्याचा खर्च करावा लागतो, तो असा.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धुराड्यातून बाहेर पडलेला धूर तेथे घोटाळत राहतो. डिकीचे किंवा मागच्या दाराचे रबर बसके असेल तर तो धूर गाडीच्या आत ओढला जातो. या धुरातील कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला रंग नाही व वासही नाही. डोके जड होणे, मळमळणे, सुस्ती येणे ही त्याची लक्षणे ‘गाडी लागली’ म्हणून सोडून दिली जातात. मारुती ८०० सारख्या गाडीत, जेथे मागचे दार थेट प्रवाशांच्या भागातच उघडते, तेथे या रबराकडे दाराच्या रबराइतकेच, किंबहुना अधिक लक्ष द्यावयास हवे.

रबर व त्याचा ऱ्हास

‘रबर’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. इंग्रजीतही तो घासणे या क्रियेवरून रूढ झाला, कारण पेन्सिलीची रेघ या पदार्थाने खोडता येते असे अठराव्या शतकात ध्यानात आले. आपला ‘खोडरबर’ हा शब्द म्हणजे एका अर्थी त्याच कथेची पुनरुक्ती होय. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह तापवल्यास रबर टिकाऊ होते असे आढळले. या प्रक्रियेत रबराच्या लांब साखळीरेणूंमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. त्यामुळे ताणलेली किंवा दाबलेली वस्तू मूळ आकारात परत येते. बीडिंगचे सारे काम या परत येण्यावर अवलंबून आहे. दार लावले की पट्टी दबते आणि उसळून पत्र्याला भिडू पाहते. ही उसळी संपली की पट्टी दिसायला धड असूनही निकामी असते.

उसळी तीन कारणांनी संपते. पहिले कारण ओझोन. नैसर्गिक रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात आणि ओझोन वायू त्यांवर आघात करून साखळी तोडतो. यासाठी हवेत दहा कोटी भागांमागे काही भाग एवढा अल्प ओझोनही पुरतो. मात्र रबरावर ताण असावा लागतो. म्हणूनच सपाट भागापेक्षा कोपऱ्याच्या वळणावर, जेथे पट्टी ताणलेली असते, तेथे भेगा आधी पडतात आणि त्या ताणाच्या दिशेला काटकोनात असतात. जुन्या गाडीच्या दाराचा वरचा कोपरा पाहिला की हे शास्त्र डोळ्यांनी वाचता येते.

दुसरे कारण उष्णता आणि प्राणवायू. उष्णतेने साखळ्यांमधील पूल वाढत जातात व रबर कडक होते. शिवाय मऊपणासाठी मिसळलेली तेले हळूहळू बाहेर पडून जातात. पट्टी आखडते आणि जोडाच्या ठिकाणी फट दिसू लागते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रक्षण व्हावे म्हणून रबरात काजळी मिसळलेली असते. बीडिंग जवळपास नेहमी काळेच असते ते यामुळे. पृष्ठभाग उन्हाने झिजला की ही काजळी मोकळी होते व हाताला लागते.

तिसरे कारण कायमची दाबविकृती. पट्टी वर्षानुवर्षे दाराखाली दबून राहिली की तिचे आतले पूल त्याच अवस्थेत तुटून नव्याने जुळतात आणि दबलेला आकारच तिचा मूळ आकार बनतो. न चालवता, दारे घट्ट बंद करून ठेवलेल्या गाडीचे बीडिंग यामुळे रोजच्या वापरातील गाडीपेक्षा चांगले राहते असे मुळीच नाही.

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी ईपीडीएम हे कृत्रिम रबर बाजारात आले. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्याने ओझोनाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. आज बहुतेक बीडिंग याचेच असते. जुन्या पद्मिनी व अॅम्बेसेडर गाड्यांत मात्र निरनिराळ्या काळी निरनिराळ्या मिश्रणांची रबरे बसवलेली सापडतात, आणि एकाच गाडीच्या चार दारांना चार प्रकारची रबरे असणे हेही नवल नाही.

तपासणी

गळती कोठे आहे हे ठरवल्याशिवाय रबराला हात लावू नये. पाणी जेथे दिसते तेथूनच ते शिरलेले असते असे नाही. पत्र्याच्या आतल्या घडीतून ते हातभर अंतर सरकून मग टपकते.

सर्वांत सोपी परीक्षा कागदाची. वहीच्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी दार व चौकट यांच्यामध्ये धरून दार लावावे आणि कागद ओढावा. चांगल्या बीडिंगमध्ये तो अडखळत, घासत निघतो. सैल जागी अलगद हातात येतो. दाराच्या संपूर्ण कडेने वीतभर अंतरावर ही परीक्षा घेऊन सैल जागांवर खडूने खूण करावी. दुसरी परीक्षा रात्रीची. एकाने आत विजेरी घेऊन बसावे व दुसऱ्याने बाहेरून प्रकाशाची रेघ शोधावी. तिसरी पाण्याची. नळी खालून वर नेत, प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटे थांबत पाणी सोडावे. एकदम टपावरून पाणी ओतल्यास सगळीकडून एकाच वेळी गळते आणि काहीच कळत नाही.

फट किती आहे हे मोजायचे असल्यास मळलेल्या कणकेची वळी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चौकटीवर ठेवावी व दार लावून उघडावे. चपटलेल्या वळीची जाडी म्हणजे तेथील फट. पोकळ बीडिंग दार लावल्यावर साधारण चतुर्थांश ते तृतीयांश दबावे असा ठोकताळा आहे. त्याहून कमी दबल्यास पाणी येते, फार दबल्यास दार लागत नाही आणि पट्टी लवकर बसते.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. अनेकदा दोष रबराचा नसून दाराचा असतो. बिजागऱ्या झिजल्याने दार मागच्या बाजूस लोंबते, खाली घट्ट लागते व वर फट राहते. दार अर्धे उघडून मागच्या कडेने वर उचलून पाहावे. खुळखुळ जाणवली तर आधी बिजागरीची पिन व नंतर कुलूप अडकण्याची पट्टी जुळवून घ्यावी. असे न करता जाड रबर बसवणे म्हणजे पाय लचकला असता जोडा बदलण्यासारखे आहे.

दाराच्या बुडाची भोके

काचेच्या बाहेरच्या बाजूची पुसणी पट्टी सगळे पाणी अडवीत नाही. काही पाणी दाराच्या पोकळीत शिरणारच, असे धरूनच दाराची रचना केलेली असते. ते पाणी बुडाशी असलेल्या भोकांतून वाहून जाते. ही भोके चिखलाने बुजली की दार हौदासारखे भरते, ब्रेक लावताच आत खळखळ ऐकू येते आणि दार बुडापासून सडू लागते. बारीक काडीने ही भोके मोकळी करणे हे पावसाळ्यापूर्वीचे पहिले काम आहे. गळती थांबावी म्हणून काही जण याच भोकांना सिलिकॉन भरतात. तो शुद्ध अविचार होय. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे प्लॅस्टिकचा पडदा असतो, तोही पाहावा. दुरुस्तीच्या वेळी तो फाडून फेकून दिलेला असेल तर पोकळीतले पाणी थेट गाडीत येते आणि दोष बिचाऱ्या बीडिंगवर येतो.

पूर्ववत करणे

भेगाळलेले वा कडक झालेले रबर नवे होत नाही. तुटलेल्या साखळ्या कोणत्याही तेलाने जुळत नाहीत. मात्र जे रबर अजून लवचीक आहे पण मळलेले, कोरडे किंवा बसके आहे, त्याचे आयुष्य लक्षणीय वाढवता येते. नखाने दाबून पाहावे. खळगा लगेच भरला तर प्रयत्न करण्यात अर्थ आहे. नख उमटतच नसेल, किंवा पट्टी वाकवताच भेगांचे तोंड उघडत असेल, तर ती बदलावी.

प्रथम कोमट पाणी व सौम्य साबण यांनी पट्टी धुवावी. खाचेतील वाळू जुन्या दात घासायच्या ब्रशाने काढावी, कारण हीच वाळू पॉलिशच्या कागदासारखी दोन्ही पृष्ठभाग घासत असते. पेट्रोल, रॉकेल, डिझेल वापरू नये. गॅरेजमध्ये डिझेलचा बोळा फिरवल्यावर रबर झटकन काळेभोर व मऊ दिसते, आणि यजमान खूश होतो. प्रत्यक्षात नैसर्गिक रबर व ईपीडीएम दोन्ही खनिज तेल शोषून फुगतात व पोचट होतात. ग्रीस आणि गंजलेले नट सोडवण्याचे फवारे यांनाही हाच आक्षेप लागू आहे. खोबरेल तेलाचा घरगुती उपायही टाळावा. ते नैसर्गिक रबराला हळूहळू फुगवते आणि धूळ धरून ठेवते. ब्रेक ऑइल लावण्याचा सल्लाही कधी ऐकू येतो. त्याने रबराचे काहीही होवो, शेजारचा रंग मात्र निश्चित उखडतो.

योग्य पदार्थ म्हणजे सिलिकॉन ग्रीस. धुतलेली पट्टी पूर्ण वाळल्यावर बोटाने अगदी पातळ थर चोळावा, अर्ध्या तासाने जास्तीचा पुसावा. पट्टी दाराला चिकटत नाही, कुरकुर थांबते व पाणी पृष्ठभागावर टिकत नाही. ज्या गाडीला लवकरच रंग द्यायचा आहे तिला मात्र सिलिकॉन लावू नये, कारण त्याचा लवलेश राहिला तरी रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

बसक्या पट्टीला उष्णतेने थोडा उठाव देता येतो. पट्टी सुटी काढता येत असेल तर हाताला सोसवणार नाही एवढ्या गरम, पण न उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवावी आणि मोकळी, न ताणता, सपाट जागी थंड होऊ द्यावी. मिळणारा उठाव पूर्ण नसतो, तरी कागदाच्या परीक्षेत फरक पडतो. पोकळ पट्टीसाठी याहून खात्रीचा उपाय आहे. तिच्या पोकळीत योग्य जाडीची मऊ सिलिकॉनची नळी सरकवावी. आधी जाड नायलॉनची दोरी पोकळीतून ओवून घ्यावी, तिला नळी बांधावी, आणि साबणाच्या पाण्याने निसरडी करून हळूहळू ओढावी. पूर्ण दाराला नव्हे, फक्त खडूने खूण केलेल्या भागापुरती नळी घालणे पुरते. ज्या गाड्यांचे मूळ रबर आता मिळत नाही त्यांच्यासाठी हा उपाय वरदान आहे.

सुटलेले कोपरे आणि एखादा सरळ काप सायनोअॅक्रिलेट गोंदाने, म्हणजे बाजारात थेंबाथेंबाने मिळणाऱ्या झटपट गोंदाने, जोडता येतात. दोन्ही कडा स्वच्छ व कोरड्या हव्यात. गोंद थोडाच लावावा. जास्त गोंदाचा कडक खडा बनतो व त्याच्या शेजारी नवी भेग पडते. भेगांवर काळा सिलिकॉन सीलंट थापणे हा तात्पुरता आधार आहे. पुढे नवी पट्टी चिकटवताना हाच सिलिकॉन खरवडून काढण्यात अर्धा दिवस जातो, हे लक्षात घेऊन तो वापरावा.

बदलणे

नवे बीडिंग घेण्यास जाताना जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा सोबत न्यावा. हा तुकडा सर्वांत कमी दबलेल्या जागेचा, सामान्यतः बिजागरीच्या बाजूचा असावा, म्हणजे मूळ छेद नीट दिसतो. पुण्यातील नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, दिल्लीत काश्मिरी गेट येथील सुट्या भागांच्या बाजारांत जुन्या गाड्यांची रबरे अजून शोधता येतात. ‘जुना माल, अस्सल कंपनीचा’ असे सांगितले गेल्यास भाळून जाऊ नये. वीस वर्षे फळीवर पडलेले रबरही वयात आलेले असते. पट्टी बोटाभोवती गुंडाळून भेगा पाहाव्यात.

जुनी पट्टी काढल्यावर उघड्या पडलेल्या पत्र्याची कड गंजलेली नसेल अशी जुनी गाडी विरळा. हा गंज तसाच ठेवून नवे रबर बसवणे व्यर्थ आहे. तारेच्या ब्रशाने गंज काढून, जस्तयुक्त प्रायमर व रंग लावून, तो पूर्ण सुकू द्यावा. पोलादी कणा असलेली पट्टी कडेवर नुसती दाबून बसते. अशा ठिकाणी कड वाकलेली असल्यास पकडीने सरळ करावी आणि पट्टीची पकड सैल झाली असल्यास तिच्या ओठांना किंचित आवळावे. पद्मिनीच्या पुढच्या दारातील त्रिकोणी काचेचे रबर मात्र साच्यातून काढलेले, विशिष्ट आकाराचे असते. मीटरने मिळणाऱ्या पट्टीतून ते कापून बनवण्याचा खटाटोप सहसा फसतो.

पट्टी बसवताना ताणू नये, हा सर्वांत मोडला जाणारा नियम आहे. ताणून बसवलेली पट्टी पुढे आखडते, जोड उघडतो, आणि ताणामुळे ओझोनाच्या भेगा लवकर पडतात. कोपऱ्यांत थोडी सैल सोडावी, सरळ भागात किंचित रेटून बसवावी आणि शेवटी बोटभर जादा ठेवूनच कापावी. जोड नेहमी खाली, उंबऱ्याच्या मध्यभागी घ्यावा, वरच्या कोपऱ्यात कधीही नाही. चिकटवण्याच्या पट्टीसाठी चपला-बूट जोडण्यासाठी वापरतात तो पिवळसर रबरी गोंद चालतो. दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा झाल्यावर जोडावे. त्याच्या वाफा ज्वालाग्राही व डोके भणाणून सोडणाऱ्या असतात, म्हणून हे काम उघड्यावर करावे.

समोरच्या काचेचे रबर बदलणे हे एकट्याचे काम नाही. रबर आधी काचेभोवती चढवतात. चौकटीवर बसणाऱ्या त्याच्या खाचेत चारेक मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी फिरवून तिची दोन्ही टोके खालच्या मध्यभागी एकमेकांवरून ओलांडून आत सोडतात. साबणाच्या पाण्याने खाच निसरडी करून एकजण बाहेरून तळहातांनी काच दाबतो, दुसरा आतून दोरी ओढत जातो. दोरीमागोमाग रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटून बसतो. हे दृश्य पाहण्याजोगे असते. मात्र एका कोपऱ्यावर जोर दिल्यास थर असलेली लॅमिनेटेड काच तडकते, तर टफन्ड काच एकदम चुरा होऊन कोसळते. हातमोजे व चष्मा अनिवार्य आहेत. स्वतःहून हात घालण्यापेक्षा जाणत्या कारागिराला मदतनीस म्हणून साथ देणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग.

वेळ व निगा

कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या तयारीला आगोट म्हणतात. बीडिंगचे काम आगोटीच्या कामांतच धरावे. मे महिन्याच्या उन्हात रबर नरम असते, पत्रा कोरडा असतो व गोंद नीट धरतो. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या कडेवर चिकटवलेली पट्टी पहिल्या आठवड्यातच सुटते. वर्षातून दोनदा धुणे व सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवणे एवढी निगा पुरेशी आहे. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असल्यास ती सावलीत ठेवावी आणि अधूनमधून दारे उघडून काही तास बीडिंग मोकळे सोडावे. सुट्या पट्ट्या ठेवायच्या तर शंखजिऱ्याची पूड लावून, वेटोळे सैल ठेवून, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. विजेच्या मोटारीजवळ त्या ठेवू नयेत, कारण मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

नवे बीडिंग बसवल्यावर दार जड लागते व जोराने ओढावे लागते. लगेच कुलपाची पट्टी सैल करून घेण्याचा मोह होतो, पण आठ-पंधरा दिवस थांबावे. रबर तेवढ्यात चौकटीचा आकार घेते, आणि मग कागदाची परीक्षा पुन्हा एकदा घेऊन उरलेली जुळवाजुळव करावी.